माझे चाळीस काळे फोटो

बोलतोय तो मीच. टेबलावर बघा, कीबोर्डच्या डाव्या हाताला, चहाच्या कपाखाली. हो, बशी नाही ती. मी कॅमेऱ्याच्या लेन्सचं झाकण आहे. काळं, गोल, तळहाताएवढं, एका बाजूचा चाप तुटलेला. कप उचला असं म्हणणार नाही. आनंदराजांचा चहा अजून अर्धा आहे आणि त्यांच्या चहाचा मान माझ्यापेक्षा मोठा आहे, हे मला अकरा वर्षांत कळून चुकलंय.

जगात ज्याला त्याला काहीतरी दाखवायचं असतं. माझं काम काहीच दिसू न देण्याचं. असल्यांची चरित्रं कोण लिहितंय? म्हटलं आपणच बोलावं. शिकलेला मी फारसा नाही, पण चौकस आहे. टेबलावर पडून राहणाऱ्याला कान उघडे ठेवण्याशिवाय दुसरा उद्योग तरी काय असतो?

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या देशातल्या कारखान्यात झाला. तिथं आम्ही मिनिटाला शंभर जन्मायचो, त्यामुळं बारशाचा प्रश्न नव्हता. खोक्यात बसून समुद्र ओलांडला, हैदराबादच्या दुकानात चार महिने काढले आणि एका दसऱ्याला निलंग्यात उतरलो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत ‘ज्योत्स्ना फोटो स्टुडिओ’. मालक आनंदराज सोनकांबळे. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. पडद्याच्या पलीकडं त्यांच्या बायकोचं, सिंधुताईंचं राज्य. सिंधुताई जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहेत. शाळेत त्या साठ पोरांना गप्प बसवतात आणि घरी आल्यावर एका माणसाला.

माझी उमेदीची वर्षं लग्नांत गेली. आनंदराज मला लेन्सवरून काढायचे, खिशात टाकायचे आणि विसरायचे. कधी मी वरातीत पडायचो, कधी नवरीच्या मावशीच्या पर्समध्ये निघायचो. एकदा तर उदगीरला पंगतीत पत्रावळीवर वाढला गेलो. जेवणारे आजोबा मला बराच वेळ चावायला बघत होते, पण तक्रार त्यांनी केली नाही. मराठवाड्याची माणसं सोशिक.

लग्न झालं की खरं काम सुरू व्हायचं ते या कॉम्प्युटरवर. आनंदराज नवरी गोरी करायचे. नवऱ्याचं पोट आत घ्यायचे. गालावरचा तीळ, हनुवटीवरचं पुरळ, कपाळावरची देवीची खूण, सगळं एका ब्रशनं साफ. सासूच्या शालूवर चमकी कमी वाटली तर तिच्यासाठी वेगळा ब्रश होता. एक टिचकी मारली की दहा चमक्या. अल्बम बघून पाहुणे विचारायचे, “ही नवरी कोणती वो? आम्ही लग्नाला गेलतो ती न्हाई ही.” आनंदराज त्याला पसंतीची पावती समजायचे.

त्यांची आणखी एक सवय सांगून ठेवतो, कारण पुढचं रामायण तिथूनच सुरू होतं. घाईत कधी कधी मला न काढताच त्यांच्या हातून बटण दाबलं जायचं. मग फोटो येणार काळाकुट्ट. असला एखादा फोटो गिऱ्हाइकाच्या नजरेस पडला तर फोटोग्राफरची अब्रू गेली. म्हणून घरी आल्या आल्या आनंदराज पहिलं काम काय करायचे, तर काळे फोटो शोधून पुसून टाकायचे. रिळाच्या काळात ते फाडायचे, आता पुसायचे. तीस वर्षांची सवय. तोंड धुण्याआधी ते काळे फोटो धुऊन काढायचे.

पुढं मोबाइल आले आणि लग्नातला प्रत्येक पाहुणा फोटोग्राफर झाला. स्टुडिओत उरले पासपोर्ट फोटो, जयंतीच्या मिरवणुका आणि वर्षाकाठी पाच-सहा लग्नं. आनंदराज दुपारभर स्टुलावर बसून पासपोर्ट फोटोच्या पांढऱ्या पडद्याकडं बघत राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, “काम लई हाय.”

या घरातलं तिसरं माणूस म्हणजे ज्योत्स्ना, जिच्या नावानं दुकान आहे ती. नांदेडला भौतिकशास्त्रात एमएस्सी करते. यंदा संक्रांतीच्या सुट्टीत ती आली ती एक जड पेटी घेऊन. पेटीत कॉलेजचं एक यंत्र होतं. त्यावर कॅमेरा बसवला की तो आभाळाबरोबर हळूहळू फिरतो.

“पप्पा, तुमचा कॅमेरा लागतो. तीन दिवस.”

“कुणाचं लग्न हाय?”

“देवयानीचं,” ती हसून म्हणाली. मग खरं सांगितलं. देवयानी म्हणजे आभाळातली दीर्घिका. आपली आकाशगंगा जशी अब्जावधी ताऱ्यांची, तशी ती दुसरी, लई लांबची. तिचा फोटो काढायचा. कॉलेजातले सर उन्हाळ्यात दोन महिन्यांच्या प्रकल्पाला एकच विद्यार्थी घेणार होते, तोही मोठ्या दुर्बिणीवर काम करायला. वीस एप्रिलपर्यंत प्रत्येकानं आपला एक फोटो द्यायचा, सोबत सगळ्या मूळ फायली आणि फोटो कसा तयार केला त्याचा कागद. कुणाचीही मदत घ्या, पण कुणी काय केलं ते खरं लिहा, एवढी एकच अट.

“वर्गात मिहिर आहे, त्याच्याकडं स्वतःची दुर्बीण आहे,” ज्योत्स्ना म्हणाली. “माझ्याकडं तुमचा कॅमेरा.”

आनंदराजांची छाती त्या वाक्यानं दोन इंच पुढं आली. मी जवळून पाहिली.

तीन संध्याकाळी दोघं गावाबाहेर मामाच्या हरभऱ्यात कॅमेरा लावून बसले. दोन-दोन मिनिटांचे शंभर फोटो झाले. तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं, आणि ज्योत्स्नानं मला हुडकून काढलं. मी आनंदराजांच्या स्वेटरच्या खिशात शेंगदाण्यांबरोबर होतो. तिनं मला पुसलं, लेन्सवर बसवलं आणि पुन्हा बटण दाबलं. एकदा नाही, चाळीस वेळा.

“अगं, झाकण लावून कामून काढायलीस? याड लागलं का?”

“हे डार्क फोटो, पप्पा. कॅमेऱ्याच्या आतच काही ठिपके असतात. लाल, निळे, हिरवे. कितीबी अंधार करा, ते उमटतातच. झाकण लावून काढलं की नुसते ते ठिपके येतात. मग ते खऱ्या फोटोतून वजा करायचे. ठिपके गेले, तारे राहिले.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या तोंडासमोर बसून माझे फोटो काढले. चाळीस! नवरीचेसुद्धा सलग एवढे निघत नाहीत. आता ते पुढं वजा करण्यासाठी होते, हा भाग निराळा. मान मिळतोय म्हटल्यावर कशासाठी मिळतोय ते फार विचारू नये.

सुट्टी संपली. ज्योत्स्नाची परीक्षा जवळ होती आणि तिच्या लॅपटॉपला एवढ्या फायली उघडायच्या म्हणजे दमच लागायचा. आनंदराज म्हणाले, “तू अभ्यास कर. फोटोचं माझ्यावर सोड. तीस वर्षं हेच करून राहिलो.”

“पप्पा, हे वेगळं असतंय.”

“फोटो तो फोटो.”

पोरगी गेली, आणि चोपन्न वर्षांचा माणूस विद्यार्थी झाला.

आता विद्यार्थी म्हणजे कसा, तर गुरूवर आधी संशय घेणारा. मोबाइलवर कुणी परदेशी पोरगा इंग्रजीत शिकवत होता. त्याच्या प्रत्येक वाक्यावर आनंदराजांचं ठरलेलं उत्तर, “ते मला मालूम हाय.” मालूम काही नव्हतं. पहिला आठवडा फुकटचं सॉफ्टवेअर उतरवण्यात गेला, दुसरा ते चालू करण्यात. शंभर फोटो एकावर एक रचून त्यांचा एक करायचा असतो, म्हणजे उजेड साठत जातो आणि चित्रातली दाणेदार खरखर कमी होते. कॉम्प्युटर चार तास घरघरला. शेवटी चित्र आलं. काळंकुट्ट.

आनंदराजांनी मॉनिटर पुसला. मग चष्मा पुसला. मग सिंधुताईंना हाक मारली.

“काही दिसतंय का बघ.”

“दिसतंय की. तुमचं तोंड,” सिंधुताई म्हणाल्या.

त्या पोरानं इंग्रजीत सांगितलं होतं की सुरुवातीला काळंच दिसतं. उजेड तळाशी दबलेला असतो, तो हळूहळू वर ताणून काढायचा. ताणायचं, थांबायचं, बघायचं, पुन्हा थोडं ताणायचं. आनंदराजांनी तेवढा भाग पुढं पळवला होता, कारण तो त्यांना मालूम होता. चार दिवसांनी तो पुन्हा लावला. माऊसनं एक रेघ जरा वर ढकलली आणि अंधारातून एक तिरका, धुरकट अंडाकार वर आला.

त्या माणसाचं तोंड मी तेव्हा पाहिलंय. खोटं कशाला सांगू? त्या वेळी मला टोमणा सुचला नाही.

लगेच सुचला म्हणा, कारण त्यांनी ती रेघ तशीच वर ढकलत नेली. देवयानी पांढरीफट्ट, आभाळ विटकरी, कोपऱ्यात निलंग्याच्या दिव्यांचा पिवळा धूर. आणि चित्रभर लाल-निळे-हिरवे ठिपके, भेळेवर बुंदी सांडल्यासारखे.

तुम्ही म्हणाल, ठिपके कसे? वजा करायला चाळीस फोटो होते ना? होते. मधेच एके दिवशी कॉम्प्युटर म्हणाला, जागा शिल्लक नाही. आनंदराजांनी फोल्डर उघडला. बघतात तर काय, चाळीस काळे फोटो. तीस वर्षांचा हात, मेंदूला विचारायला थांबतोय होय? कॅमेऱ्यातलं कार्ड तर फेब्रुवारीतच एका साखरपुड्यासाठी कोरं केलं होतं. माझी आयुष्यातली एकुलती एक फोटोमाला, आणि मी शेजारी पडून बघत होतो. ओरडलोसुद्धा. झाकणाचं ओरडणं किती ऐकू येतं ते तुम्हाला माहीत आहे.

मग त्या ठिपक्यांचं त्यांनी काय केलं असेल? नवरीच्या तोंडावरचे डाग काढायचा ब्रश उचलला आणि एकेक ठिपका टिपायला बसले. तीन आठवडे! ठिपका कोणता आणि तारा कोणता हे त्यांना उमगत नव्हतं, पण त्यानं हात अडतोय थोडाच? जो मधे आला तो गेला. साफ करता करता आभाळ इतकं साफ झालं की मोकळं मोकळं वाटायला लागलं. मग शालूच्या चमकीचा ब्रश. टिचकी, टिचकी, टिचकी. देवयानीला गुलाबी छटा, कडेला जांभळी झाक. मला वाटलं, आता खाली ‘शुभविवाह’ लिहितात की काय.

लिहिलं नाही, पण गावभर पाठवलं. “ज्योत्स्नाला कळू देऊ नका, तिला आल्यावर मोठ्या स्क्रीनवर दाखवायचंय,” असं प्रत्येकाला बजावून. शेजारचे ईश्वरप्पा शिंपी गळ्यात टेप घेऊनच आले.

“अय्यो! हे आपल्या निलंग्याचं आभाळ हाय?”

“मग काय लंडनचं?”

“लई भारी. मला तर कधी असं दिसलं न्हाई.”

“तुम्ही वर बघता कुठं? तुमची नजर सगळी मापात.”

महिनाभर त्या चित्राचं कौतुक चाललं. लोक पासपोर्ट फोटोला यायचे आणि आभाळ बघून जायचे. आनंदराज आता स्टुलावर बसून पडद्याकडं बघत नव्हते. त्यांच्या चालण्यातसुद्धा फरक पडला होता. खोट्या आभाळावर का होईना, पण माणूस उभा राहिला होता.

जयंतीच्या आदल्या दिवशी ज्योत्स्ना घरी आली. गल्लीत निळ्या पताका लागल्या होत्या, आत सिंधुताईंचं खिरीचं पातेलं फ्रिजमध्ये बसवायचं चाललं होतं. तिनं पाणीही प्यायलं नव्हतं तोवर आनंदराजांनी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

“डोळे मिट. आता उघड. कसंय?”

तिनं डोळे उघडले. चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं.

“पप्पा, इथं कडेला एक गोल होता. धुरकट.”

“हां, तो होय! तीळ होता तो. काढला मी.” आनंदराज फुलून म्हणाले, “काढलेला कळतो तरी का बघ.”

“पप्पा, ती दीर्घिका होती.”

“कोणती?”

“दुसरी. देवयानीच्या सोबतची. छोटी असली तरी अब्जावधी तारे होते तिच्यात.”

आनंदराज चित्राकडं बघत राहिले. “मला वाटलं लेन्सवर धूळ बसली.”

पडद्यामागून सिंधुताईंचा आवाज आला. “अब्जावधी? अन् एका टिचकीत? अगं बाई, किती ही सफाई! घरात कधी झाडू लावला न्हाई यांनी.”

देवयानीच्या खरं तर दोन सोबतिणी आहेत. दुसरी इतकी फिकट की आनंदराजांच्या नजरेतच आली नाही, म्हणून वाचली. गोरंपान होऊन उठून दिसण्याचे असे तोटे असतात.

“आणि हे बारके तारे सगळे एकाच मापाचे कसे?” ज्योत्स्नानं विचारलं.

“ते... चमकीचा ब्रश हाय आपला.”

“आणि डार्क? झाकणाचे चाळीस?”

“ते काळे? ते कोण ठेवतं, बेटा?”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठून पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर जाऊन बसली, पांढऱ्या पडद्यासमोर. त्या स्टुलावर माणसाचा चेहरा जसा होतो तसाच झाला तिचा, कसलाच भाव नसलेला.

“आता परत काढता येत नाही,” ती म्हणाली. “देवयानी सूर्यामागं गेली. नीट दिसायची तर पावसाळ्यानंतर. मूळ शंभर फोटो तेवढे आहेत. पण ठिपके वजा करायला डार्क पाहिजेत, आणि ते जानेवारीच्या थंडीतलेच पाहिजेत. तेव्हा चौदा अंश होतं. आज एक्केचाळीस. उन्हात कॅमेऱ्याचे ठिपके दहापट वाढतात, त्यांचा मेळ बसत नाही.”

“मग हेच दे ना,” आनंदराज हळूच म्हणाले. “लोकांना आवडलंय. तुझ्या सरांना काय कळणार हाय?”

“मला कळतंय ना, पप्पा.”

आनंदराजांनी कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीचे फोटो काढले, सगळ्यांना जय भीम घातला, खीर वाटली. पोरीच्या नजरेला नजर तेवढी दिली नाही. लोक म्हणत होते, “काय आनंदराज, पोरीला पसंत पडलं का तुमचं आभाळ?” ते म्हणत होते, “हाव, हाव.” मी त्यांच्या खिशात होतो. तिथून मला ठोके ऐकू येत होते.

पंधरा तारखेला सकाळी तिघं चहाला बसले. कुणी बोलत नव्हतं. सिंधुताईंना शांतता सहन होत नाही, वर्गात असो वा घरात.

“मी म्हणते, थंडीच पाहिजे ना? मग बसवा कॅमेरा फ्रिजमध्ये. खिरीचं पातेलं रिकामं झालंय. देवयानीला म्हणावं, ये, टेक जरा.”

आनंदराज हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. ईश्वरप्पा आपली पाण्याची बाटली फ्रिजात ठेवायला आले होते, तेही हसले. ज्योत्स्नासुद्धा हसली. मग तिचं हसू अर्ध्यातच थांबलं.

“मम्मी, फ्रिज कमीत कमी किती थंड ठेवता येतो?”

अशा रीतीनं मी फ्रिजमध्ये गेलो.

वरचा कप्पा मोकळा केला. फ्रिजची थंडी कमीवर आणली. मला लेन्सवर घट्ट बसवलं. तुटक्या चापाच्या बाजूनं उजेड शिरू नये म्हणून वर सिंधुताईंचं काळं ब्लाऊजपीस गुंडाळलं, आणि बटणाची वायर दाराच्या रबरातून बाहेर काढली. माझ्या एका बाजूला लसणाचा ठेचा, दुसऱ्या बाजूला कोथिंबिरीची जुडी, समोर दह्याचं भांडं. शेजार चांगला मिळाला. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा विझतो का, याबद्दल माणसांत फार वाद आहेत म्हणे. विझतो. तोंडावर फडकं गुंडाळलेलं होतं, तरी शेजाऱ्यांना विचारून खात्री केलीय.

कॅमेरा गार व्हायला एक तास, फोटोंना दीड तास. तोवर दार उघडायचं नाही, अशी ज्योत्स्नाची ताकीद. आणि बाराव्या फोटोला लाइट गेली.

एप्रिलातली दुपार, निलंगा आणि लाइट. ती जाणार हे फ्रिजमधल्या कोथिंबिरीलाही ठाऊक होतं. कॅमेरा बॅटरीवर चालत होता, पण गारवा किती टिकणार? बाहेरून ज्योत्स्नाचा आवाज आला, “उघडायचं नाही. बंद राहिलं तर टिकतं.” मग एक स्टूल ओढल्याचा आवाज आला. सिंधुताई दाराला पाठ लावून बसल्या होत्या.

थोड्या वेळानं ईश्वरप्पा आले. “वैनी, तेवढी माझी बाटली द्या की. घसा सुकला.”

“आत देवयानीचं बाळंतपण चालू हाय. नंतर या.”

“पण बाटली माझी हाय.”

“अन् पोरगी माझी हाय.”

ईश्वरप्पा गेले. हे सगळं दाराआडून ऐकताना मला वाटलं, या बाईंना कुणी दुर्बिणीवर बसवलं असतं तर तारेही शिस्तीत उगवले असते.

चाळिसावा फोटो झाला तेव्हा लाइट नव्हतीच. ज्योत्स्नानं दार उघडलं आणि आतच मला कॅमेऱ्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं. बाहेरच्या धगीत एकदम काढलं असतं तर सगळ्या अंगाला घाम सुटला असता. पिशवीत चपलांच्या खोक्यांत मिळतात तसल्या पुड्याही टाकल्या, ओल शोषून घ्यायला. तासाभरानं पिशवी सोडली. फोटोच्या पोटात कॅमेऱ्याचं तापमान लिहिलेलं असतं, ते तिनं वाचलं. पहिल्या फोटोत तेरा, शेवटच्यात सोळा.

“बसतंय,” ती म्हणाली. “मम्मी, बसतंय!”

आनंदराज मागं उभे होते. त्यांनी ते चाळीस फोटो स्वतःच्या हातानं फोल्डरमध्ये ठेवले. मग त्याची एक प्रत केली. मग प्रतीची प्रत. मग पेनड्राइव्हवर. पश्चात्ताप झालेला माणूस जागा फार खातो.

पुढचे दोन दिवस बापलेक शेजारी शेजारी. माऊस ज्योत्स्नाकडं. आनंदराज उजवा हात मांडीखाली घेऊन बसले, कारण तो हात भरवशाचा राहिला नव्हता. यावेळी पहिल्यापासून. रचलं. माझे चाळीस वजा झाले. बुंदी गेली. निलंग्याचा पिवळा धूर उतरवला. मग ताणायची वेळ आली.

“पप्पा, तुम्ही करा,” ज्योत्स्नानं माऊस सरकवला.

“नको. माझा हात जड हाय.”

“थोडं थोडं करा. मी सांगते कुठं थांबायचं ते.”

त्यांनी थोडं ताणलं. थांबले. बघितलं. पुन्हा थोडं. एक करडी, दाणेदार, अंधुक देवयानी वर आली. ना गुलाबी, ना जांभळी. आणि तिच्या कडेला तो गोल धुरकट ठिपका, आपल्या जागेवर.

“हाय की,” आनंदराज म्हणाले. एवढंच. हात परत मांडीखाली गेला.

कागद लिहायची वेळ आली तेव्हा ज्योत्स्ना अडखळली. कुणी काय केलं ते खरं लिहायचं होतं. “पप्पा, पहिल्या वेळचं सोडून देऊ का? सर हसतील तुम्हाला.”

आनंदराजांनी पडद्यावरच्या त्या ठिपक्याकडं बघितलं. “लिही. विद्यार्थिनीच्या वडिलांनी डार्क फोटो काळे म्हणून पुसले. एक दीर्घिका तीळ समजून काढली. चमकी मारली. सगळं लिही. नाव पूर्ण लिही. सोनकांबळेचं स्पेलिंग चुकवू नको.”

त्याच संध्याकाळी त्यांनी खरं चित्र गावातल्या सगळ्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, आधीचा फोटो खोटा होता, हा खरा आहे. गावानं मोठ्या मनानं उत्तरं दिली. सतरा जणांनी लिहिलं, “आधीचाच भारी होता.” ईश्वरप्पा तर समजूत काढायला आले. “होतं असं एखाद्या वेळी. कापड बिघडतं, तसा फोटो बिघडतो. मन छोटं करू नका.”

आज दुपारी नांदेडहून फोन आला. आनंदराजांनी तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणून मलाही नीट ऐकू आला.

“मिहिरचा फोटो लई सुंदर होता, पप्पा. माझ्याहून कितीतरी. पण सर माझ्या कागदावरच अर्धा तास थांबले. मला विचारलं, फ्रिजचं दार मधे किती वेळा उघडलं? मी म्हटलं, एकदाबी नाही सर, मम्मी बसली होती दाराला टेकून.” मग म्हणाली, “जागा मला दिली, पप्पा.”

सिंधुताईंनी पदर तोंडाला लावला. आनंदराज म्हणाले, “जेवलीस का?” बाप लोकांना असल्या वेळी दुसरं वाक्य येत नाही.

ज्योत्स्नानं मग चाचरत सांगितलं की दोन महिने कॅमेरा लागेल. मे महिन्यात आनंदराजांकडं दोन लग्नं ठरलेली आहेत. त्यांनी माळ्याकडं बघितलं, तिथं त्यांचा जुना कॅमेरा असतो. “ने. दोन्ही नवऱ्या जुन्या कॅमेऱ्यात बसतील.”

“मग तुम्ही इतर वेळी काय करणार?”

“बसतो. काम लई हाय.”

“पप्पा, शंभर फोटो आहेत तिथं, आणि डार्क पण. परत पहिल्यापासून एकट्यानं करा. यावेळी तारीख नाही, सर नाहीत, घाई नाही. मी रोज विचारणार कुठवर आलं म्हणून.”

तर उद्या सकाळच्या एसटीनं मला कॅमेऱ्यावर बसून, पार्सल होऊन नांदेडला जायचंय, तिथून पुढं कुठल्याशा डोंगरावर. ज्योत्स्नानं तुटक्या चापासाठी आपलं केसांचं रबर द्यायचं कबूल केलंय. अकरा वर्षांनी बढती म्हणजे ही.

आत्ता माझ्या डोक्यावर चहा निवत चाललाय आणि त्याचा मालक कॉम्प्युटरच्या पडद्यात घुसलाय. संध्याकाळपासून तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू केलंय. ईश्वरप्पा दोनदा डोकावून गेले, “ओ, काहीच दिसंना की तुमच्या टीव्हीत,” म्हणून. मी असेपर्यंत असल्या चौकशा मनातल्या मनात मीच परतवायचो. उद्यापासून ते काम तुमचं, म्हणून सांगून जातोय. कधी निलंग्याला आलात, बसस्टँडमागच्या गल्लीत चोपन्न वर्षांचा एक माणूस काळ्या पडद्यासमोर बसलेला दिसला, तर हसू नका, मागं उभं राहून सल्ला देऊ नका, आणि बिघडला का वो फोटो असं तर मुळीच विचारू नका. एक स्टूल ओढून बसा. आतून चहा येईल. तो माणूस रेघ थोडी वर ढकलेल, थांबेल, बघेल, पुन्हा थोडी ढकलेल. तुम्हीपण थांबा.